कुत्रं रापणीचं, मांजर गरीचं

सकाळी साडेसातला आमच्या वाड्यावर पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. त्याच्या रबरी भोंग्याच्या पों-पोंला आमची मांजर भुरी डोळासुद्धा उघडत नाही. नऊच्या सुमारास नुस्तेंवाल्याची, म्हणजे मासेवाल्याची, स्कूटर येते. तिचा भोंगा माझ्या कानाला अगदी तसाच वाटतो. पण स्कूटर अजून व्हाळापलीकडे असते आणि भुरी बाल्कांवाच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसलेली असते, पुढचे दोन पाय जुळवून, शेपूट त्यांच्याभोवती गुंडाळून. मी पिशवी शोधत असते तोवर तिचं नुस्तेंवाल्याशी बोलणं झालेलंही असतं.

हे सांगायचं कारण म्हणजे सध्या घरोघरी चाललेला वाद. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांबद्दल लागोपाठ दोन आदेश दिले. ११ तारखेचा आदेश दिल्ली परिसरापुरता आणि बराच कडक होता. २२ तारखेला तो बदलला: पकडलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा, लस द्या, आणि रेबीज झालेली किंवा अंगावर धावणारी सोडून बाकीची जिथून उचलली तिथेच परत सोडा. नोव्हेंबरमध्ये शाळा, इस्पितळं, बसस्थानकं यांच्या आवारांसाठी वेगळा आदेश आला. त्याच वर्षी गोव्यात पिटबुल आणि रॉटवायलर यांच्यावरच्या बंदीची चर्चा रंगली. रस्त्यावरच्या कुत्र्यांवरून बोलणं घरातल्यांवर आलं आणि बऱ्याच जणांनी निकाल देऊन टाकला: "त्यापेक्षा मांजर बरं, त्याचं काही करावं लागत नाही."

मीही मांजराच्याच बाजूची. पण या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला पटतो, दुसरा नाही.

एक उंदीर म्हणजे एक ताट

कुत्र्याचा पूर्वज लांडगा. तो हरणासारखं मोठं जनावर मारतो, आणि ते एकट्याच्या हातून होत नाही. कोणी पुढून अडवायचं, कोणी मागून रेटायचं, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे लक्ष ठेवायचं. शिकार पडली की ती सगळ्यांना पुरते, म्हणून वाटे होतात. ज्याने किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे त्याला हे निराळं समजवायला नको. दोन्ही दोरांवर माणसं, एका दमात ओढ, जाळं वाळूवर आलं की प्रत्येकाचा वाटा. रापण एकट्याने ओढताच येत नाही.

मांजराचा पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं रानमांजर. ते उंदीर, पाल, पाखरू मारतं. उंदीर हे एका मांजराचं एका वेळचं ताट, त्यात वाटा कोणाला आणि कसला देणार? दिवसाचं पोट भरायला असे आठ-दहा उंदीर लागतात, म्हणजे आठ-दहा वेळा दबा धरून बसणं आलं. तिथे दुसरं मांजर आलं तर त्याची मदत काहीच होत नाही, सावज मात्र पळतं. मानशीवर, म्हणजे खाजणातल्या पाण्याच्या दारावर, गरी (गळ) टाकून बसलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याची जागा ठरलेली असते, त्याला शांतता लागते, आणि शेजारी येऊन कोणी "लागलं का काय?" विचारलं की त्याच्या कपाळाला आठी पडते. मांजर हे असं गरी टाकून बसलेलं जनावर आहे. पुढचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

माणसाशी दोघांची गाठ पडली तीही निरनिराळ्या तऱ्हेने. कुत्रा आला तेव्हा माणूस शेतीही करत नव्हता, शिकारीमागे भटकत होता. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे माणसांसोबत पुरलेला कुत्रा सापडला आहे, सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचा. मांजर आलं ते माणूस धान्य साठवू लागल्यावर. कणग्यांकडे उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या शेजारी मांजर पुरलेलं मिळालं. २००४ साली हे जाहीर झालं तेव्हा त्याचं विशेष वाटलं, कारण त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच. म्हणजे कोणीतरी ते होडीत घालून नेलं असणार. होडीतलं ते मांजर काय ओरडलं असेल याची कल्पना ज्याने मांजर बसमधून नेलं आहे त्याला येईल.

मेंढ्या वळायला, राखणीला, शिकारीला असे कुत्रे माणसाने हजारो वर्षं निवडून निवडून घडवले. मांजराला असं काम कोणी शिकवलं नाही. जे काम ते स्वतःहून करत होतं तेच माणसाला हवं होतं. म्हणून "बस" म्हटल्यावर कुत्रा बसतो आणि मांजर आपल्याकडे बघतं.

"सुणें मनशाक धरता, माजर घराक"

असं आमची आजी म्हणायची: कुत्रं माणसाला धरतं, मांजर घराला. त्याचा अर्थ मला कळला तो आम्ही जुनं कौलारू घर सोडून गावातच नव्या घरात आलो तेव्हा. अंतर दीड-दोन किलोमीटर, मध्ये शेतं आणि व्हाळ. तेव्हा आमच्याकडे सोनी होती. तिला झाकणाच्या पाटीत घालून आणली, दूध दिलं, सोफ्यावर बसवली. तिसऱ्या दिवशी सोनी गायब. दोन रात्री आम्ही टॉर्च घेऊन शोधलं. पाचव्या दिवशी राहिलेलं सामान आणायला जुन्या घरी गेले, तर बाई रांधणीच्या खिडकीत नेहमीच्या जागेवर. मला पाहून तिने साधं म्यावही केलं नाही. तिच्या लेखी हरवले होतो ते आम्ही, आणि अखेर मी परत आले होते.

गरीवाल्याला जसा आपला दगड, तशी मांजराला आपली हद्द. ही हद्द ते नाकाने आखतं. मांजराच्या गालांवर, हनुवटीखाली आणि पंजांत वासाच्या ग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, टेबलाच्या पायाला आणि आपल्या पोटरीला ते गाल घासतं ते लाडाने, हे खरंच. पण त्याबरोबर "हे आपलं" अशी खूणही ते ठेवत असतं. सोनीच्या नव्या घरात तिची एकही खूण नव्हती. होता तो डिस्टेंपरचा आणि फिनेलचा वास.

घर बदलताना मांजराला निदान दोन-तीन आठवडे आत ठेवायचं, सुरुवातीला एकाच खोलीत, आणि त्या खोलीत त्याची जुनी गोधडी न धुता घालायची. आम्ही ती मोठ्या हौसेने धुऊन नेली होती.

मग त्याचा आपल्यावर जीव असतो तरी का?

मांजरावरचा हा सगळ्यांत जुना आरोप: स्वार्थी जात, वाटी रिकामी झाली की ओळख देत नाही.

याची परीक्षा घेतली गेली आहे. लहान मुलांचा आईवर किती भरवसा आहे हे पाहायची एक रीत आहे. बालवाडीच्या पहिल्या दिवशी जे होतं तेच, फक्त मोजून केलेलं. मूल अनोळखी खोलीत, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. आई दिसल्यावर जे मूल सावरून पुन्हा खेळायला लागतं त्याचा भरवसा पक्का मानतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन स्टेट विद्यापीठात हीच परीक्षा मांजरांची घेतली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सुमारे ६५ टक्के मांजरं आपलं माणूस परत आल्यावर सावरली आणि निवांत खोली हुंगत फिरू लागली. माणसाच्या मुलांतही हे प्रमाण साधारण एवढंच असतं. त्याच वर्षी जपानमधल्या अभ्यासात दिसलं की घरातलं मांजर तशाच इतर शब्दांतून आपलं नाव वेगळं ओळखतं, अनोळखी माणसाने पुकारलं तरी. हाक ऐकून कान हलतो, मान वळते. उठून येणं हा भाग नाव ओळखण्यात मोडत नाही.

आणि ते म्यावही तपासून बघा. पिल्लू आईकडे पाहून म्याव करतं, पण मोठी मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. ती फिसकारतात, गुरगुरतात, माजावर असली की रात्रभर वाड्याची झोप उडवतात. म्याव हे बव्हंशी माणसासाठी राखून ठेवलेलं बोलणं आहे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांना २००९ मध्ये याहून गमतीचं काही सापडलं. खायला मागताना काही मांजरं घुरघुर करता करता आत बारीक, रडण्यासारखा एक सूर मिसळतात. तो ऐकून मांजर न पाळणाऱ्यांनाही वाटलं, काहीतरी निकडीचं आहे. याला स्वार्थ म्हणायचं असेल तर म्हणा. घरातली लहान मुलं दुसरं काय करतात?

कुत्र्याचा जीव मात्र उघड दिसतो, हे मी नाकारत नाही. तो दारापर्यंत येतो, अंगावर उड्या घेतो, आपण जेवलो नाही तर तोही जेवत नाही. रापणीतल्या माणसाला एकमेकांकडे बघावंच लागतं. ज्यांना घरी आल्यावर असं स्वागत हवं आहे त्यांनी मांजर आणून त्याच्यावर रुसू नये.

नुस्तें खाऊन भागतं हा गोव्याचा गैरसमज

कुत्र्याला शीत आणि उरलेलं हुमण (माशाची आमटी) घातलेलं आपण पिढ्यानपिढ्या पाहिलं आहे. आदर्श नसलं तरी त्याचं त्यावर निभावतं, कारण माणसाच्या उष्ट्यावर राहता राहता कुत्र्याचं पोट बदललं. पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्याहून कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. मांजराचं पोट अजून रानातलंच आहे. त्याला गोड चवही कळत नाही: गोडाची चव घेणारं जनुक सगळ्या मार्जारकुळात, वाघापर्यंत, निकामी झालेलं आहे. तुमचं मांजर गोडाची वाटी चाटत असेल तर ते तुपासाठी.

मांजराला लागणाऱ्या काही गोष्टी मांसातच मिळतात. त्यातली मुख्य टॉरिन, डोळा आणि हृदय चालू ठेवणारं एक द्रव्य. कुत्रा ते बहुतेक वेळा शरीरात तयार करतो, मांजराला ते पुरेसं करता येत नाही. १९७० च्या दशकात कळलं की टॉरिन कमी पडलं तर मांजर आंधळं होतं, आणि १९८७ मध्ये कळलं की त्याचं हृदयही सैल पडून निकामी होतं. म्हणून घरात कुत्र्याच्या खाण्याची पिशवी आहे तर मांजरालाही त्यातलंच, हे चालत नाही. दूध-भात तर नाहीच. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचत नाही. ते आवडीने पितात आणि मग तुमच्या उंबऱ्यावर हिशेब चुकता करतात.

"पण आमच्याकडे रोज बांगडे-तारले असतात की!" इथेच खरी गोम आहे. मासळीत टॉरिन असतं, त्या बाबतीत मांजर सुखात. पण काही कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्व मोडणारं एक विकर असतं. सतत तसला कच्चा मासाच खाणारं मांजर मान खाली घालून अडखळत चालू लागतं, त्याला झटके येतात. शिजवलं की हे विकर मरतं. दुसरा त्रास तेलकट माशांचा: तारल्यांसारखं तेलाचं नुस्तें रोज, आणि दुसरं काहीच नाही, तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातली चरबी सुजते, पिवळी पडते, आणि मांजराला उचललं तरी ते कळवळतं. काटे, डोकी, आतडी टाकून देण्याऐवजी भाटीला (मांजरीला) घालायची आपली रीत काटकसरीची आहे खरी, पण ते पूर्ण जेवण नव्हे.

आणि मग १ जून उजाडतो. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना बंदी, नुस्तें महाग, घरात सुक्या बांगड्याची आणि गालमोची (सुक्या बारीक कोलंबीची) मदार. मांजरालाही तेच मिळतं, वर मीठ भरपूर. मांजराचे पूर्वज कोरड्या मुलखातले. पाणी ते शिकारीतूनच मिळवत, म्हणून मांजराला तहानेची जाणीव कमी. त्यात खारवलेलं किंवा नुसतं कोरडं खाणं आणि थोडं पाणी असं चाललं की मूत्रमार्गाचे त्रास वाढतात. बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत मरू शकतो. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, डॉक्टर गाठावा.

आमच्या घरी आता असं चालतं: रोजचा मुख्य भाग मांजरांसाठीच्या पूर्ण खाण्याचा, त्यात थोडं पाणी मिसळून. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेलं, काटे काढलेलं नुस्तें किंवा कोंबडी, मीठ-मसाला न घालता. हुमण नाही, कारण कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात.

कुत्र्याचं औषध मांजराला

हा मुद्दा छोटा आहे, पण या लेखातला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवा. झाडपाल्याशी कधी संबंध न आल्याने मांजराच्या यकृतात काही विषारी द्रव्यं निकामी करायची सोय उरलेली नाही. तापावरची पॅरासिटामोलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

दुसरी गोष्ट गोचिडांच्या थेंबांची. पावसाळ्यात कुत्र्याच्या मानेवर घालायचे जे थेंब मिळतात त्यांतल्या काहींत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला ते विष. आमच्या शेजारच्या घरी कुत्र्याचे उरलेले थेंब "वाया कशाला घालवायचे" म्हणून मांजराच्या पिल्लाला लावले. संध्याकाळपर्यंत त्याचे कान फडफडू लागले, मग पाय, मग सगळं अंग थरथरायला लागलं. भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन त्याला म्हापशाला नेलं आणि दोन रात्रींनंतर ते वाचलं. बाटलीवर मांजराचं चित्र काढून त्यावर काट मारलेली होती. चष्मा लावून पाहिल्यावर दिसली.

उंदीर तरी जातील ना?

थोडे जातील. घरातले छोटे उंदीर आणि त्यांची पिल्लं मांजर पकडतं, आणि नुसत्या मांजराच्या वासानेही ते जपून वागतात. पण गटारातली घूस आली तर भुरी कपाटावर चढते, आणि मला तिचं पटतं. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये उंदरांनी भरलेल्या एका ठिकाणी कॅमेरे लावून ७९ दिवस पाहिलं. तिथल्या मांजरांनी त्या काळात मोठे उंदीर मारले फक्त दोन. २०१८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा मांजरप्रेमींची बरीच पंचाईत झाली. गरी टाकून बसणारा स्वतःच्या वजनाचा मासा ओढायला जात नाही, एवढंच त्यात आहे. तेव्हा तांदळाच्या डब्याला झाकण हवंच, आणि शेतात लेप्टोची (उंदरांपासून होणाऱ्या तापाची) भीती आहे तिथे बूटही हवेत.

पाखरं मात्र ते मारतं, आणि इथे माझ्याकडे बचाव नाही. अमेरिकेत मांजरं वर्षाला १.३ ते ४ अब्ज पक्षी मारतात असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला, त्यातले बहुतेक बेवारशी मांजरांनी. आमच्या परसात दयाळ आणि शिंजीर येतात. त्यांच्या विणीच्या दिवसांत भुरीला पहाटे आणि तिन्हीसांजेला आत ठेवते, कारण तिची शिकारीची वेळ तीच. ती दारामागे बसून शिव्या देते.

घरात गरोदर बाई असेल तर?

"सुनेला दिवस गेले, आता मांजर सोडून या," हे वाक्य मी किमान चार घरांत ऐकलं आहे. यामागे टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी आहे. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. इथपर्यंत बरोबर.

पण बहुतेक मांजरं ही अंडी आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतरचे एक ते तीन आठवडे, टाकतात. आणि ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागत नाहीत, ती पिकायला एक ते पाच दिवस जातात. ट्रे रोज साफ केला, आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणी केला, तर धोका अगदी थोडा उरतो. माणसाला लागण बऱ्याचदा होते ती अर्धकच्च्या मांसातून आणि न धुतलेल्या भाजीच्या मातीतून. मांजर सोडायला निघालेल्या घरात ट्रे साफ करायला नवरा तयार आहे का, हे आधी विचारावं. मला दोन घरांत मिळालेल्या उत्तरावरून मांजराचा दोष फारसा नव्हता.

चावलं तर, केस गेला तर, आडवं गेलं तर

रेबीज माणसाला होतो तो ९९ टक्के वेळा कुत्र्यामुळे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्याने या बाबतीत दाखवण्यासारखं काम केलं आहे: २०१३ ते २०१९ या काळात वर्षाला सुमारे ९५ हजार कुत्र्यांना लस, ७० टक्के कुत्र्यांपर्यंत पोच, शाळाशाळांतून शिकवण, आणि कुत्र्यांतल्या रेबीजच्या महिनावार संख्येत ९२ टक्के घट. पण यावरून मांजर सुरक्षित असा अर्थ काढू नये. मांजरालाही रेबीज होतो आणि ते चावल्याने-ओरबाडल्याने माणसालाही. मांजर तीन महिन्यांचं झालं की लस द्यावी, पुढे डॉक्टर सांगेल तशी. अनोळखी मांजर चावलं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवावी आणि आरोग्य केंद्र गाठावं. हळद, चुना, मिरची पूड, काही नको.

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हेही ऐकू येतं. ॲलर्जी खरी असते, पण ती केसाची नसते. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, ते चाटून अंगभर लावलं जातं आणि वाळून हवेत उडतं. ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांना केस कापलेलं मांजरही सोसणार नाही. त्यांनी खरोखरच कुत्र्याचा किंवा माशांच्या टाकीचा विचार करावा.

अपशकुनाबद्दल इतकंच: बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते त्या षष्ठीचं वाहन मांजर आहे. आणि सांखळीच्या दत्तमंदिरात हात जोडताना दत्तगुरूंच्या पायाशी चार कुत्री दिसतातच. दोन्ही जनावरांची शिफारस आपल्याकडे पुरेशी वरून आलेली आहे.

काही करावं लागत नाही?

मांजर फिरवायला न्यावं लागत नाही, हे खरं. कुत्र्याला ऐन पावसातही सकाळ-संध्याकाळ बाहेर काढावं लागतं, आणि तो दिवसभर एकटा राहिला तर खंतावतो. मांजर माती उकरून वर माती लोटतं, शिकवावं लागत नाही. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये दोघंही नोकरीला जाणाऱ्यांना मांजर म्हणूनच जास्त सोयीचं पडतं. दिवसाचे बारा-पंधरा तास ते झोपतंच.

पण फ्लॅटच्या बाल्कनीला जाळी लागते. मांजर उंचावरून पडलं तरी पायांवर उतरतं ही फार तर निम्मी गोष्ट. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून पडून दवाखान्यात आणलेल्या १३२ मांजरांपैकी ज्यांच्यावर उपचार झाले त्यांतली ९० टक्के वाचली. छाती आणि जबडा फुटलेली पुष्कळ होती.

आणि नसबंदी. ही टाळली की "काही करावं लागत नाही"ची किंमत कळते. भाटी पाच-सहा महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, दोन महिन्यांत विते, आणि आपल्याकडे दिवस बारा महिने मोठेच असल्याने तिला ऋतूचा अडसरही फारसा नसतो. चार पिल्लं होतात. ती पिल्लांना तोंडात धरून सात घरं फिरवते. सातव्या घराने पिल्लं पोत्यात भरून मासळीबाजाराच्या मागे सोडली की तिथे आणखी एक भटकी पिढी सुरू. भटक्या कुत्र्यांवर तावातावाने बोलणाऱ्या घरांतून हे मांजरांच्या बाबतीत सहज होतं.

आणि दोन्ही पाळली तर?

पाळता येतात, आमच्याकडे आहेत. चोर आला तर मांजराचा उपयोग शून्य, म्हणून नवऱ्याने मागच्या वर्षी रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. पहिले आठ दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवलं आणि त्यांच्या गोधड्या अदलाबदल केल्या, म्हणजे एकमेकांचा वास आधी पोचला. मग दाराच्या फटीतून ओळख, मग दोरीला बांधलेल्या पिल्लासमोर मोकळी भुरी. भुरीने एकदाच पंजा मारला, नाकावर, नखं न काढता. तेवढ्याने हद्द ठरली.

अडचण उरली ती जेवणाची. कुत्र्याला मांजराचं खाणं फार आवडतं, आणि तो रापणीच्या घराण्यातला असल्याने समोर आलेल्या ताटात आपला वाटा आहेच असं धरून चालतो. म्हणून भुरीची वाटी आता कणगीवर असते. ती उडी मारून चढते, चार घास खाते, उतरते, तासाभराने परत चढते. खाली पिल्लू तोंड वर करून बसलेलं असतं. नऊ वाजता नुस्तेंवाल्याचा भोंगा वाजला की दोघंही पायरीवर येतात. ती तिथेच बसून राहते, हा मात्र स्कूटर थांबायच्या आत फाटकापर्यंत धावतो.